मंगळवारी घाण्यावर येणाऱ्या शाळांबाबत

प्रति,
मा. शिक्षण निरीक्षक (प्राथमिक),
वाद सफ्साफ विभाग.

विषय : ऑलिव्हच्या पाठासाठी सर्व शाळा मंगळवारीच माझ्या घाण्यावर येत असल्याची तक्रार, व शेवटी एक विनंती.

संदर्भ : आपण यंदा शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना दिलेले प्रशिक्षण.

महोदय,

मी, लज़हर बू जनाह, हन्शीर करमा या गावी तेलाचा घाणा चालवतो. घाणा वडिलांपासूनचा आहे. तक्रार लिहिण्याची सवय नाही, तरी चूकभूल माफ असावी.

१. सदर प्रशिक्षणात असे शिकवले गेले की शिक्षकाने एक विषय धरावा आणि भाषा, गणित, विज्ञान, चित्रकला सारे त्याभोवती गुंफावे. कल्पना उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु मार्गदर्शक बाईंनी नमुना म्हणून फळ्यावर ऑलिव्हचा आराखडा लिहिला व त्यात 'मंगळवार सकाळ : घाण्याला भेट' असे टाकले. विभागातील समस्त गुरुजनांनी तो नमुना जसाच्या तसा उतरवून घेतला. मंगळवारसुद्धा उतरवून घेतला.

२. परिणामी ऐन हंगामात दर मंगळवारी माझ्या दारात शेतकऱ्यांच्या गाड्या कमी आणि शाळांच्या बस जास्त असतात. एका गुरुजींना मी नम्रपणे विचारले, "बुधवारी आलात तर नाही का चालणार?" ते म्हणाले, "काका, आराखड्यात मंगळवार आहे. निरीक्षक साहेब विचारतील ना!" ते साहेब आपणच असल्याने हा मुद्दा आपल्याच पदरात घालत आहे.

३. घाण्यावर पाऊल ठेवणाऱ्याला नव्या तेलात बुडवलेली गरम रोटी दिल्याखेरीज आम्ही परत पाठवत नाही, हे आपण जाणताच. माझी पत्नी मबरूका पहाटेपासून भट्टीपुढे असते. पोरे किती आली ते मोजू लागलो तर ती ओरडते, "मोजू नका हो, दृष्ट लागेल! पीठ आणा आधी." पोरांनी तिच्या रोटीचाही पाठ करून टाकला. गोल आहे म्हणून गणित, फुगते म्हणून विज्ञान. मबरूका आता मलाही जेवताना असलेच प्रश्न विचारते.

४. या गडबडीत गिऱ्हाइकांची फळे पोत्यात तापू लागली. माझे जुने गिऱ्हाईक हाज ब्रिक यांनी भर दारात माझी खरडपट्टी काढली : "अरे लज़हर, घाणा चालवतोस की बालवाडी?" त्यांचा राग रास्त होता. मात्र पुढच्याच मंगळवारी हेच गृहस्थ फांदीवरून फळे ओरबाडताना आम्ही बोटांत घालतो ती बकरीची पोकळ शिंगे चढवून पोरांमागे धावताना आढळले. आता ते पोती मुद्दाम मंगळवारीच आणतात, म्हणजे तक्रारदार म्हणून मी एकटाच उरलो.

५. येथवर तक्रार झाली. आता जे खरोखर सलते ते लिहितो. आमच्या गावची शाळा घाण्यासमोरच, रस्त्यापलीकडे आहे. एवढ्या शाळा आल्या, ती आली नाही. तेथे नईमा बाई एकट्याच सगळे वर्ग सांभाळतात. बदली शिक्षक न मिळाल्याने त्यांना प्रशिक्षणास जाता आले नाही. मी म्हटले, "बाई, रस्ताच तर ओलांडायचा आहे." त्या म्हणाल्या, "काका, प्रशिक्षण नाही म्हणून आराखडा नाही, आराखडा नाही म्हणून परवानगी नाही. फाटकाबाहेर नेऊ कशी मुलांना?"

माझी नात उन्स त्याच शाळेत तिसरीत आहे. मंगळवारी मधल्या सुट्टीत ती फाटकाला धरून उभी असते आणि परगावची मुले तिच्या आजीची रोटी खाताना पाहते. ती रोटी तिला घरी रोज मिळते, पण घरी ती नुसती रोटी असते. परवा तिने विचारले, "आजोबा, आमचा मंगळवार कधी?" मला फार वाईट वाटले.

तरी विनंती की नईमा बाईंना हे प्रशिक्षण त्वरित द्यावे. तेवढे दिवस बदली शिक्षक नसेल तर मुलांना आम्ही सांभाळू. मबरूका तयार आहे, आणि हाज ब्रिक यांनी शिंगे धुऊन ठेवली आहेत. ही विनंती मान्य झाल्यास वरील सर्व तक्रारी मी मागे घेतो. हंगामाचा शेवटचा मंगळवार मी अद्याप कोणत्याही शाळेला दिलेला नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
लज़हर बू जनाह
हन्शीर करमा, डिसेंबरातला एक बुधवार (आज घाण्यावर शांतता आहे)

सोबत : उन्सने काढलेले घाण्याचे चित्र. शाळेच्या फाटकातून दिसतो तेवढाच काढला आहे.