तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

प्रभा,

तू अंघोळीला गेलीस म्हणून लिहून ठेवतोय. डॉक्टरांकडे नंबर लावायला चाललोय, अकरापर्यंत येतो. लिफ्ट आजही बंद आहे. भाजीसाठी खाली उतरू नकोस, येताना मी आणतो.

हवामान खात्यातल्या नोकरीची सवय जात नाही, नोंदी ठेवल्याच. सोमवारी आपण दोघं पाच मजले चढून आल्यावर माझी नाडी सात मिनिटांत जागेवर आली. टीव्ही बघताना मी तुझा हात धरला, तो उगाच नव्हता. तुझी वीस मिनिटांनीही आली नव्हती. वय झालं की हृदयाला वाढलेलं काम झेपायला वेळ लागतो आणि नंतर शांत व्हायलाही, असं डॉक्टर मागे म्हणाले होते. पण इतका वेळ लागू नये.

माझी फाइल काढून ठेवू नकोस. नंबर तुझ्या नावाने लावतोय. बायपास माझी झाली, म्हणून घरातला पेशंट मीच, असं आपण दोघं नऊ वर्षं धरून चाललो.

बाल्कनीतली खुर्ची तिसऱ्या मजल्यावर ठेवली आहे. चढताना तिच्यावर बसत जा. कोणी विचारलं तर माझ्यासाठी आहे म्हणून सांग.

शशिकांत