रायफलची जवारी

अब्बा, घरात बंदूक आली आहे. घाबरू नका, कुणाशी भांडण नाही आणि कुणी आमच्या मागेही लागलेलं नाही. तुमच्या जावयाला, म्हणजे ज्याला पाहायला तुम्ही राहिला नाहीत त्या भल्या माणसाला, ग्रीन कार्ड मिळालं. इथं ते मिळालं की लोक आधी गावी जायचं तिकीट काढतात. आमचे साहेब एका शनिवारी तंबू आणायला म्हणून दुकानात गेले आणि लांबलचक खोका घेऊन परतले. "ऑफिसमधले सगळे रेंजवर जातात, यार. अगदी बिगिनरवाली आहे, स्वस्तातली," असं मला सांगून त्यांनी ती रायफल जेवणाच्या टेबलावर ठेवली. बारीक काडतुसांची, लाकडी दस्त्याची. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप आत जाऊन बसतं. आपले पूर्वज तलवारींना धार लावायचे, हत्यारांचे दिवस सरले तेव्हा सतार-तंबोऱ्यांकडे वळले, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात. त्याच घरातल्या मुलीच्या टेबलावर, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात, भाताच्या कुकरशेजारी आता हे हत्यार पडलं होतं, आणि मला हसू आवरेना.

शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, कारण घरात आपण जी दखनी बोलायचो ती लिहायची सवय कुणालाच नव्हती. तुम्हीही पेपर मराठीच वाचायचात, गिऱ्हाइकांशी मराठीच बोलायचात आणि रागवायचातही मराठीतच, सगळ्या गल्लीला नीट कळावं म्हणून. मला तुमचा एक राग अजून पाठ आहे. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही खिडकीजवळ तंबोरा आडवा घेऊन जवारी काढायला बसला आहात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीनं घासताय, तार आणि घोडी यांच्यामधला सुताचा दोरा नखानं जरासा पुढे-मागे करताय, आणि मेलेली तार हळूहळू गुंजायला लागते आहे. तुम्ही पाणी प्यायला उठता. मी कानस उचलते. तुम्ही मागे न वळताच म्हणता, "ठेव ती. जवारी मुलीच्या हाताचं काम नाही." भाऊ आठ वर्षांचा, नाक पुसत बाजूला बसलेला, आणि ती जागा त्याची असणार हे ठरलेलं. मी स्वयंपाकघरात गेले. तिथं आणि कारखान्यात एकच भिंत होती, त्यामुळे भाकऱ्या थापता थापता मी सगळं ऐकलं, रोज, बारा वर्षं. कुठली जवारी निघाली आणि कुठली फसली हे मला भिंतीपलीकडून कळायचं. फक्त माझ्या हातात ते आहे की नुसतंच कानात, एवढं कधी कळलं नाही. हे काही रडगाणं नाही, अब्बा. मी शिकले, कॉम्प्युटरच्या कामाला लागले, इथवर आले. पण तो एक प्रश्न माझ्याबरोबर विमानात बसून आला, आणि त्याला व्हिसाही लागला नाही.

तर पहिल्या शनिवारी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पाइनची झाडं, लाल माती, लाकडी छपराखाली सहा टेबलं आणि समोर पन्नास यार्डांवर कागद. वहीत नाव लिहिताना माझा हात जरा थबकला. अकरा सप्टेंबरनंतरची ही पाच-सहा वर्षं आपल्या नावाची माणसं इथं हळू आवाजातच नाव सांगतात. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी तर फोनच केला होता, "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस, पण दिवस कसे आहेत... तुम्हाला कशाला हवी बंदूक?" रेंज सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यानं मात्र वहीत डोकावूनही पाहिलं नाही. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस, बोटं तुमच्यासारखीच, नखांत काळं. त्यानं आम्हाला आवाज अडवणारी, कान झाकायची टोपणं दिली आणि नियम सांगितले. तुमच्या जावयानं दहा गोळ्या दहा सेकंदांत उडवल्या. कागद जवळ आणला तर भोकं बशीभर पसरलेली. पुन्हा दहा, पुन्हा बशी. "रायफलच बेकार आहे. विकून टाकतो," ते म्हणाले. बंदूक परत करता येत नव्हती. या देशात वापरलेली गादीसुद्धा परत घेतात, पण बंदूक नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं आणि टेबलाशी बसले. गाल दस्त्यावर टेकवला, चाप ओढला, आणि अब्बा, ते मला गालात जाणवलं. गोळी गेल्यावर नळी थरथरली होती, पण ती थरथर मध्येच कुठंतरी दाबली गेली होती. घोडीवर तार नीट टेकली नाही की जशी वाजते, अगदी तशी. कान बंद होते, तरी मला ते कळलं.

"विकू नका. मला चार शनिवार द्या," मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हातारा मागेच उभा होता. तो म्हणाला, "मॅम, चार शनिवारांनी आमची हॅमची मॅच आहे. दुकानातून आणली तशीच रायफल, महागाचे पार्ट लावायचे नाहीत, घरात असेल त्यानं काय हवं ते करा. पाच गोळ्या. ज्याची भोकं सगळ्यांत जवळ, त्याला हॅम." जिंकलं तर डुकराची आख्खी तंगडी बक्षीस! तुमचे जावई हसून हसून खाली बसले. मी मात्र नाव दिलं. म्हाताऱ्याला वाटलं असेल की बाईला हॅम फार आवडतं.

घरी येऊन रायफल रिकामी आहे याची तीनदा खात्री केली आणि खालचा स्क्रू काढला. दस्त्यातल्या खाचेत नळी बसते. तिथं डॉलरची नोट घालून पाहिली, डाव्या बाजूला ती अडकली. लाकूड नळीला धरून होतं. "लाकूड कुठं धरतंय ते आधी बघ, मग हत्याराला हात लाव," हे तुम्ही भावाला दिवसातून दहादा सांगायचात, त्याला ते कधी ऐकू गेलं नाही, मला भिंतीपलीकडून गेलं. मी फुलक्यांचं लाटणं घेतलं, त्याला सँडपेपर गुंडाळला आणि खाच घासायला बसले. लाटणं त्या खाचेत असं बसलं की जणू त्यासाठीच केलं होतं. आमची लेक अकरा वर्षांची, ती फ्रिजशी उभी राहून बघत होती. "अम्मी, यू आर मेकिंग चपाती विथ अ गन?" मी म्हटलं, "तुझे नाना तंबोरे करायचे, त्याचंच हे." ती म्हणाली, "दॅट मेक्स नो सेन्स," आणि तिथंच मांडी घालून बसली. थोडं घासायचं, पुसायचं, नोट सरकवून पाहायची. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, म्हणून मी इतकं सावकाश घासलं की त्या दिवशी जेवायला पिझ्झा मागवावा लागला.

दुसऱ्या शनिवारी बशीची वाटी झाली. मग मी खरा शहाणपणा केला. शिवणाच्या पेटीतून सुताचं रीळ नेलं होतं. दोरा चारपदरी करून नळी आणि लाकूड यांच्यामध्ये, अगदी पुढच्या टोकाशी, सरकवला. पहिल्या पाच गोळ्या गेल्या आणि भोकं लिंबाएवढ्या जागेत! मी उडीच मारली. पुढच्या पाच गोळ्यांना नळी तापली, दोरा नळीचं तेल प्याला, चेपला, आणि पुन्हा वाटी. म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं, लोंबणारं टोक बोटात धरलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मॅम, फॉर्टी इयर्स मी इथं आहे. रायफलला फ्लॉस करताना पहिल्यांदाच पाहतोय." इथले लोक दातांच्या फटीत दोरा फिरवतात, ते फ्लॉस. सगळी रेंज हसली, मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण हसून झाल्यावर त्यानं विचारलं, "दोरा कशासाठी?" मी त्याला तंबोऱ्याबद्दल सांगितलं. तो नळीवरून बोट फिरवत म्हणाला, "तुझे डॅड बरोबर होते. फक्त दोरा नको, कागद घे." असं तुमचं म्हणणं ट्रॅक्टरवाल्याला पटलं.

तिसऱ्या शनिवारसाठी मी तुमच्या जावयाच्या जुन्या कंपनीची व्हिजिटिंग कार्डं कापली. तीनशे पडून होती, पहिल्यांदाच कामाला आली. दोन पट्ट्या एकावर एक, टोकाशी. पाच गोळ्या. मग बोटभर मागे. पाच गोळ्या. पुन्हा बोटभर मागे. प्रत्येक कागदावर मी पट्टी कुठं होती ते लिहीत होते. लेक कागद गोळा करून आणायची. टेकू म्हणून बासमतीच्या दोन कापडी पिशव्यांत वाळू भरून नेली होती, त्यांना रेंजवरची मंडळी मोठ्या आदरानं "द राइस" म्हणू लागली. काडतुसंही सहा प्रकारची आणली, कारण एका तंबोऱ्याला मानवणारी तार दुसऱ्याला मानवत नाही हे मला माहीत होतं. सगळ्यांत महागडी डबी सगळ्यांत वाईट निघाली, मधलीच एक साधी डबी या रायफलला आवडली. आणि दर गोळीनंतर मी थांबत होते. रायफल पुढचं काडतूस घेऊन तयार असते, बोट शिवशिवतं, पण तुम्ही भावाच्या हातावर टिचकी मारून म्हणायचात ना, "आधीचा सूर विरू दे, मग दुसरा छेड." तसं. शेजारच्या टेबलावरचा पोरगेला माणूस वैतागून म्हणाला, "मॅम, ती सेमी-ऑटो आहे, आपोआप भरते." मी म्हटलं, "ती भरते, मी नाही भरत." टोकापासून चार बोटं मागे पट्टी आली आणि भोकं एकमेकांच्या अंगावर जाऊन बसली. आणखी एक बोट मागे नेली, भोकं फाकली. परत चारवर आणली, पुन्हा बसली. अब्बा, मला त्या क्षणी आपल्या गल्लीचा वास आला. लाखेचा, ओल्या भोपळ्याचा.

मॅचच्या दिवशी अकरा जण होते, दहा पुरुष आणि मी. फळ्यावर खडूनं नावं लिहिली होती, त्यात माझं आख्खं नाव, आणि ते म्हाताऱ्यानं सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं. हॅमची फिकीर नव्हती. फिकीर एकच होती की त्या तिसऱ्या शनिवारचं ते आपोआप जमलेलं असेल, आणि आज सगळ्यांसमोर कळेल की आपल्या घरातलं या हातात काही उतरलेलंच नाही. पहिली गोळी. थांबले. दुसरी. थांबले. चौथीला शेजाऱ्यांच्या धडाधडीनं श्वास चुकला, बोट काढून घेतलं, सगळं पहिल्यापासून मांडलं, मग सोडली. पाचवीनंतर मी डोळे मिटून बसून राहिले. लेक धावत कागद घेऊन आली, "अम्मी! अम्मी, इट्स वन होल!" एक नव्हतं, पण पाचही भोकांवर आपल्या रुपयाएवढं क्वार्टरचं नाणं ठेवलं तर एकही बाहेर दिसत नव्हतं. म्हाताऱ्यानं दोनदा मोजलं. "एक मध्यात बसली तर नशीब, मॅम," तो म्हणाला, "पाच बसल्या, दॅट्स यू."

हॅम माझ्या हातात ठेवलं तेव्हा ते लेकीपेक्षा थोडंच हलकं होतं. मी ते तसंच म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि आम्ही ते का खात नाही ते सांगितलं. तो म्हणाला, "मग चार आठवडे तू हे कशासाठी केलंस?" मी हसत "द राइस" उचलून गाडीत टाकला. पुढच्या शनिवारी त्यानं बायकोनं केलेला पेकन पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड केक, आणला, आणि त्यात डुकराची चरबी नाही, लोणी आहे, हे तीनदा सांगितलं. तुमच्या जावयानं आता माझ्याकडे शिकवणी लावली आहे. घाई करतात. टिचकी मारते.

हे पत्र मिरजेला धाडलं तर भाऊ उघडेल, म्हणून धाडणार नाही. तोही आता पन्नाशीकडे झुकलाय, दुकान नीट चालवतो, त्याचं मन मोडायचं नाही. पण तुम्हाला सांगते. मी पंधरा वर्षांची होते. जुम्म्याचा दिवस, तुम्ही नमाजाला गेलेले. धारवाडला जायचा तंबोरा भावाकडे दिला होता, सकाळपासून त्याची खर्जाची तार बोलत नव्हती, आणि तो रडवेला होऊन कोपऱ्यावर चहाला निघून गेला होता. मी पिठाचे हात धुतले, आत आले, कानस चार वेळा फिरवली आणि दोरा केसभर मागे घेतला. तुम्ही आलात, तार छेडलीत, कान लावून पुन्हा छेडलीत, आणि तोवर परतलेल्या भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "आज तुझा हात बसला." त्यानं दारातून माझ्याकडे पाहिलं, मी तव्याकडे. तुमचा चेहरा इतका उजळला होता की मला बोलवेना. एकदाच झालं होतं, म्हणून इतकी वर्षं मीही ते योगायोगात जमा धरलं. आता नाही धरत. तो तंबोरा मी बोलता केला होता, अब्बा.