गुडघा गेला तर

बाई, तुम्ही आमच्या घरी एकदाच आलात, तेही भांडायला. मी बारावीत होते, तुम्ही तयार केलेल्या आमच्या संघानं जिल्ह्याची कबड्डीची फायनल नुकतीच जिंकलेली आणि मुंबईच्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक मला मागायला आलेले. फी माफ, हॉस्टेल, बूट, ट्रॅकसूट. आईनं चहाबरोबर काजूची बर्फी ठेवलेली. मिठागरावर आयुष्य काढलेल्या माझ्या बाबांना तर हे लग्नाच्या मागणीसारखंच वाटत होतं. तुम्ही बर्फीला हात न लावता विचारलंत, "पोरीचा गुडघा गेला तर तिची फी कोण भरणार?" ते क्रीडाशिक्षक हसले. "मॅडम, असं अभद्र कशाला बोलता?" तुम्ही म्हणालात, "अभद्र नाही, साधा प्रश्न आहे. खेळली नाही तरी शिकवाल, एवढं लिहून द्या." कळवतो म्हणून ते गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. बाबा दारातच तुमच्यावर उखडले, "फुकट शिकवतान तं नाय कशाला बोलाचा, बाई?" तुम्ही शांतपणे चपला घातल्यात. नंतर तुम्हीच मला ठाण्यातल्या साध्या कॉलेजात घातलंत. तिथं कबड्डीचं मैदानही धड नव्हतं. महिनोन्महिने नौपाड्यात तुम्ही समोरून दिसलात की मी रस्ता ओलांडायचे. मग राग कधी गेला ते कळलं नाही, आणि तो गेलाय हे तुम्हाला सांगायच्या आत तुम्हीच गेलात.

आता मी कल्याणच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षिका आहे. म्हणजे बर्फी आता माझ्यापुढे येते. निकाल लागले की आम्ही सगळे मुली शोधत फिरतो, आणि कोण काय कबूल करून आलं ते एकमेकांना सांगत नाही. तीन वर्षांमागे विठ्ठलवाडीला एका मुलीच्या घरी गेलेले. काय चढाई करायची पोरगी! आई घरीच ब्लाउज शिवणारी. तिनं मशीन थांबवलं आणि नुसतं माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा कुणी न विचारताच मी बोलून गेले, "खेळली नाही तरी फी माफच राहील." कॉलेजला विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी चढाईत बोनस गुण घेताना तिचा उजवा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं. कॉलेजच्या मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले, "ती आता खेळत नाही ना? मग तिची जागा दुसऱ्या मुलीला देऊ." मी म्हटलं, "सर, तिच्या आईला शब्द दिलाय. तो मोडणार असाल तर यापुढे मुली आणायला मी कुणाच्या घरी जाणार नाही." ते म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." माझा आवाज चढलेलाच नव्हता, बाई. शेवटी ठरलं, एकदा घेतलेल्या मुलीची फी पदवी होईपर्यंत माफ, खेळो न खेळो.

गुडघा छान बरा झाला. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली त्याच आठवड्यात ती माझ्या केबिनमध्ये आली.

"मॅडम, मला परत नाही खेळायचं."

"भीती वाटते का गं?"

"नाही. घरी पडून होते ना, तेव्हा अकाउंट्सचा अभ्यास केला. तो आवडायला लागलाय. सीए करायचंय." मग जरा थांबून, "माझी फी भरावी लागेल का?"

"नाही," मी म्हटलं. "जा, क्लास बुडवू नकोस."

ती गेली आणि मी दार लावून घेतलं. कॉलेजात सगळे माझं कौतुक करतात, म्हणून हे तिथं कुणाला सांगता येत नाही: मला तिचा भयंकर राग आला. दोनदा फोन हातात घेतला, एक सीझन तरी खेळ म्हणायला. केला नाही. यंदा सेमीफायनल आम्ही एका गुणानं हरलो. ती मैत्रिणींबरोबर बघायला आलेली, ओरडून ओरडून घसा बसलेला तिचा. मी गुणफलकाकडे कमी आणि तिच्या पायांकडे जास्त बघत होते.

तुम्हालाही त्या दिवशी आमच्या घरून परत जाताना आपली खेळाडू हातची गेली म्हणून माझ्याबद्दल असं काही वाटलेलं का? तुमच्या हाताखालची मीच एकटी राज्यासाठी खेळू शकले असते, असं लोक म्हणायचे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे तर खरंच. पण असता तरी टाकलं नसतं. तुम्ही "हो" म्हणाल, याची मला अजून भीती वाटते.