चार नंबरचं बटण

६ जुलै, रविवार

आणलं एकदाचं! डमडमहून थेट गार्डन रीच, कोलकात्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मॅटाडोरमध्ये आडवं घातलं, वर ताडपत्री, आणि शेजारी मागे उभी मी. ड्रायव्हर म्हणत होता, दीदी, पुढे बसा. म्हटलं, माल माझा आहे, मी मालाबरोबर.

माल म्हणजे व्हिडिओ गेमचं जुनं मशीन. माणसाएवढं उंच लाकडी कपाट, टोकन टाकून उभ्यानं खेळायचं. सौरभदांचं डमडमला पार्लर होतं, ते बंद होऊन पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून हे धूड त्यांच्या जिन्याखाली पडून. पिक्चर ट्यूब मेलेली, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, टोकनच्या पेटीत झुरळांची वसाहत. सौरभदा म्हणाले, "दीदी, ये अब कभी नहीं चलेगा. शोकेस बना लीजिए."

मी नुसती हसले. पस्तीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळतेय. एक विमानाचा खेळ सांभाळता येणार नाही?

क्वार्टरच्या दारातून आत घेताना चार हमाल घामाघूम. सलीलनं खुर्चीतूनच पाहिलं. उजवा हात नेहमीसारखा नॅपकिनखाली. "हे... काय?"

म्हटलं, तुझं आहे.

त्यानं तोंड फिरवलं. फिरवू दे.

८ जुलै

एकदा स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही. फेब्रुवारीत सलीलला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला. बोलणं परत आलं — मोजकं, पण आलं. उजवा हात नाही. मूठ वळलेली राहते, उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिलं वर्ष सोन्याचं, नंतर सुधारणा फार हळू. त्यातले पाच महिने गेले. आणि माझ्या या नवऱ्यानं महिनाभरापासून व्यायामच सोडलाय! मधुवंती, त्याची फिजिओथेरपिस्ट, बागबाजारहून दोन बस बदलून येते. तिचा रबरी चेंडू त्यानं भिरकावला आणि तिला म्हणाला, "उद्यापासून नको."

बँकेत अडीचशे माणसांची शाखा चालवणारा माणूस. आता दिवसभर नॅपकिनकडे बघत बसतो. मला राग येतो. आणि भीतीही वाटते. दोन्ही खरं.

म्हणून हे मशीन. अठ्ठ्याऐंशी साली नागपूरला, सीताबर्डीच्या पार्लरमध्ये, मी माझ्या धाकट्या भावाला, अभिषेकला, कान धरून घरी न्यायला गेले होते. अभिषेक मिळाला नाही. एका मशीनभोवती वीसेक पोरं गोळा झालेली, आणि मधे एक हडकुळा मुलगा — एकाच टोकनवर पाऊण तास खेळत होता. उजव्या हाताची बोटं अशी चालत होती की मी भावाला विसरून गेले! तो सलील.

तोच खेळ. त्याच हातानं. एवढं साधं आहे.

१३ जुलै, रविवार

आतलं सगळं उपसलं. फडक्यानं पुसलं, वाळवीचं औषध मारलं. चांदणीच्या बाजारातून जुना मॉनिटर आणला, तो उभा बसवला — अगदी मापात. पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर आहे, त्यात तो विमानाचा खेळ आणि आणखी शंभर. स्टिक तयार मिळाली, वायरींसकट. सहा बटणं मात्र मीच जोडणार.

सकाळी सलील डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत बसला होता. दहा मिनिटं झाली, दोनच लागली. मी जाऊन पटापट लावून दिली.

२० जुलै, रविवार

वायरिंग पूर्ण! फोटो काढून ऑफिसात दाखवावं असं झालंय. प्रत्येक बटणाला निळी वायर, प्रत्येक वायरला नंबर, सगळ्या एका जुडीत दोऱ्यानं बांधलेल्या, रिले रूममध्ये बांधतो तशा. टोकनचं एक, स्टार्टचं दोन, गोळीचं चार. हे चार नंबर पार कोपऱ्यात आलंय. मागच्या दारातून तिथे फक्त उजवा हात जातो, तोही खांद्यापर्यंत घालावा लागतो. पक्कड मावत नाही. शेवटी वायरच्या टोकाची क्लिप चिमटीत धरूनच बसवली. बोटं सोलली. पण बसली!

नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवायला सलीलला बसवलं होतं. एका हातानं सहा चिकटवल्या, सगळ्या तिरक्या. संध्याकाळी मी त्या सोलून सरळ लावल्या. वर बघते तर तो दारात उभा. म्हटलं, अरे, नुसतं नीट केलं. तो आत गेला.

नूपुरचा बंगळुरूहून फोन. "आई, तू बाबाला गेम बनवला? सो क्यूट!" क्यूट म्हणे. बाईसाहेब दिवाळीला येतील तेव्हा मराठीची शिकवणी घ्यावी लागणार.

२७ जुलै, रविवार

फजिती! लिहायचीही लाज वाटते.

मशीन सुरू केलं. स्क्रीन झकास. खेळ आला, स्टिक चालली, विमान डावीउजवीकडे गेलं. बटण दाबलं — गोळी नाही. सोडलं — गोळी! पुन्हा दाबलं — नाही. सोडलं — गोळी! सगळी बटणं अशीच. वीस मिनिटं मीटर घेऊन बसले, तेव्हा उजेड पडला.

बटणाखाली पितळी पत्त्या असतात. एका पत्तीवर वायर लावली तर बटण दाबल्यावर करंट सुरू होतो. दुसरीवर लावली तर करंट आधीपासून सुरूच असतो, दाबल्यावर तुटतो. सिग्नलमध्ये आम्ही कायम दुसरीच पद्धत वापरतो. करंट वाहतोय तोवर सगळं ठीक. वायर तुटली, फ्यूज उडाला, उंदरानं कुरतडलं की करंट बंद आणि सिग्नल लाल. वाईटच होणार असं धरून चालायचं, म्हणजे माणसं मरत नाहीत. पस्तीस वर्षांची सवय! हातांनी आपोआप तीच पत्ती शोधली. सहाच्या सहा.

मी जमिनीवर बसून स्वतःला शिव्या घालत होते आणि सलील स्टुलावर, उजवी मूठ गोळीच्या बटणावर टेकून. म्हटलं, हात काढ, मला काम करू दे. त्यानं मोठ्या कष्टानं हात वर ओढला — धाड! गोळी. समोरचं एक विमान फुटलं. आणि हा हसला! आवाज करून हसला, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

माझ्या चुकीला हसला. हसू दे. उद्या सगळं सरळ करते.

२८ जुलै

सहाही वायरी बदलल्या. आता निर्दोष.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्घाटन केलं. नारळ फोडला, पेढे ठेवले. सलीलला नवा शर्ट घातला. डावा हात स्टिकवर, उजवा मी उचलून बटणावर ठेवला.

मुठीच्या वजनानं बटण दबलं. एक गोळी सुटली. पुढची सुटण्यासाठी हात उचलायला हवा, तो पटकन उठेना. मी म्हटलं, सलील, उचल. उचल ना! वरून विमानं येत राहिली. संपलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी त्याचं मनगट धरून वरखाली करायला लागले. त्यानं माझा हात झटकला, वाकून प्लग उपटला आणि काठी टेकत आतल्या खोलीत गेला.

पेढे तसेच.

३ ऑगस्ट

मशीनमध्ये काहीही दोष नाही. तीनदा तपासलं. दोष नाही म्हणूनच रडू आलं.

६ ऑगस्ट, बुधवार

मधुवंती आली. "व्यायाम नहीं, सिर्फ चाय पीने आयी हूँ, काकू," असं सलीलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. चहा घेता घेता मशीनकडे बघून विचारलं, काका खेळतात का? मी काही सांगणार तोच आतून आवाज आला, "आधीचं... चांगलं होतं."

म्हटलं, कुठलं आधीचं?

"चुकीचं. ते."

मला झोंबलंच. एवढं खपून दुरुस्त केलेल्या कामाला हा चांगलं म्हणत नाही आणि चुकीला म्हणतो! मधुवंतीनं विचारलं, चूक म्हणजे नेमकी काय? मी नाइलाजानं सांगितलं — हात टेकला की काही होत नाही, उचलला की गोळी. ती कप खाली ठेवून उभीच राहिली. "काकू! मुठ्ठी तो बंद ही है. दबाना उनके लिए काम नहीं है. उठाना, खोलना — यही तो मैं तीन महीने करवाती रही!"

घरातली इंजिनिअर मी, आणि हे दहा दिवस माझ्या नाकासमोर होतं. तो माझ्या चुकीला हसला नव्हता. त्याच्या हातानं काहीतरी फुटलं होतं, म्हणून हसला होता.

जाताना दारात ती हळूच बंगालीत म्हणाली, "आपनि सॉब कोरे दिले उनि की कोरबेन?" तुम्हीच सगळं केलंत तर ते काय करणार! पोरगी नूपुरच्या वयाची. ऐकून घेतलं. घ्यायलाच हवं होतं.

१० ऑगस्ट, रविवार

चार नंबरची वायर परत उलट्या पत्तीवर. बाकीची पाच सरळ, हे एकटं रेल्वेचं! पुन्हा खांद्यापर्यंत हात, पुन्हा बोटं सोलली. सलील शेजारी बसून बघत होता. कशाला काय म्हणतात, विचारत होता. सगळं सांगितलं, कुठली पत्ती कशाला ते. सगळं आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला बटणाखालचा मायक्रोस्विच शिकवला आज!

मग खेळला. टेकला, उचलला — धाड. टेकला, उचलला — धाड. अकरा विमानं पाडली. घामानं शर्ट भिजला. मी खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. बांधून ठेवल्यासारखी! एकदाही उठले नाही.

"परत," म्हणाला.

२४ ऑगस्ट

मधुवंती आता आठवड्यातून तीनदा येते. तिचं म्हणणं, तो पूर्ण हात खांद्यातून उचलतोय, हे लबाडीचं. बोटं उघडली पाहिजेत. मी बटणासमोर सागवानाची पट्टी बसवली, वर मऊ पट्टा. मनगट पट्ट्यात अडकवायचं, म्हणजे उचलायला फक्त बोटंच राहतात. काम सुरेख झालंय, माझं मलाच सांगते.

पहिल्या दिवशी शून्य विमानं. सलीलनं मला अशी शिवी दिली की शब्द एकदम स्पष्ट! मधुवंतीनं टाळ्या वाजवल्या.

३१ ऑगस्ट

तीन विमानं. तर्जनी उठते. मधलं बोट तिच्या मागून येतं.

९ सप्टेंबर

ऑफिसातून आले तर मशीन गरम. दिवसभर खेळलाय! विचारलं तर म्हणतो, "थोडंसं." स्क्रीनवर छप्पन्न.

पोळीचे तुकडे मी करून दिले नाहीत. पंचवीस मिनिटं लागली त्याला. मी समोर बसून पेपर वाचला, म्हणजे धरला.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. ऑफिसात सगळ्या मशीनला हार, वर्कशॉपात खिचडी. आकाशभर पतंग. सलील म्हणाला, आपल्या मशीनला? म्हटलं, घरची हत्यारं खंडेनवमीला, आईच्या वेळेपासून तसंच आहे. कोलकात्यात आलो म्हणून काय झालं?

२६ सप्टेंबर

दोन दिवस सलील चिडचिडा. म्हणतो, मशीन मागे पडतं. दाबून उचलेपर्यंत विमान निघून जातं. म्हटलं, मशीन मागे पडत नाही, माझं वायरिंग आहे ते! "मग... मीच पुढे गेलो," म्हणाला. बढाई मारायला लागला म्हणजे प्रकृती सुधारतेय. सुट्टीत बघू म्हटलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारं मांडली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, मीटर. सलील दुर्गापूजेच्या मंडपात ढाकाचे ढोल ऐकायला गेलाय, काठी घेऊन, एकटा. मशीनला आतूनही फूल वाहावं म्हणून मागचं दार उघडलं.

चार नंबरची निळी वायर सरळ पत्तीवर होती. बाकीच्या पाचांसारखी.

मी हात लावलेला नाही. त्या कोपऱ्यात उजवाच हात जातो, आणि क्लिप चिमटीशिवाय निघत नाही.

वाकडी बसली आहे, अर्धी बाहेर. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि क्लिप तशीच ठेवून दार लावून घेतलं.