एकाच पंखाची पिसं

बाबा,

रविवारी सकाळी गोरखपुर मोहल्ल्यातल्या आपल्या घरात आई पोह्यांची तयारी करायची आणि तुम्ही तिच्या शेगडीवर बाणांसाठी बोरू शेकत बसायचात. "अहो, भुकेनं पोरगी रडून राहिली, उठा तिथून!" ती म्हणायची. "ही एक काडी सरळ होऊ दे," तुम्ही म्हणायचात, आणि गरम बोरू गुडघ्यावर दाबून, एक डोळा मिटून, त्याच्या टोकावरून माझ्याकडे पाहायचात. मला ते फार आवडायचं. पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. सिहोऱ्याच्या शेतात तुमचा बाण चुकला तो तुमच्या हातामुळे नाही, माझ्यामुळे. हे तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं.

कारखान्यात दिवसभर बंदुकीच्या नळ्या कापणारे तुम्ही घरच्या बाणाला लोखंड लावत नव्हता. हे सगळं तुम्हाला काकांनी शिकवलं होतं, तुमच्याच खात्यातले, सिहोऱ्याकडे शेती असलेले गोंड काका. जुन्या बांबूचं पातं घासून गरम राखेत कडक करायचं, दातांनी चावून मऊ केलेल्या, ढोराच्या आतड्याच्या तातीनं ते बोरूला बांधायचं, वर लाख. पिसं गिधाडाची. मेलेली ढोरं टाकत त्या माळावरून आपण दोघं ती वेचून आणायचो, मी नाकाला रुमाल बांधून. एका बाणाला तीन पिसं, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. उजवी-डावी मिसळली की बाण हवेत भरकटतो.

बारा वर्षांची असताना मी ती मिसळली. तुम्ही काकांच्या देखत माझे सहाही बाण गुडघ्यावर मोडलेत आणि अशी थोबाडीत दिलीत की कानातल्याची दांडी मानेत रुतून रक्त आलं. "कॉन्व्हेंटात काहून पाठवून राहिलो मी हिला? डावं-उजवं कळत नाही!" काका हसले. "अरे भैया, बिटिया है, तीर नहीं है, इसको भी तोड़ दोगे क्या?"

मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी एक बाण मुद्दाम तसाच केला. दोन पिसं उजव्या पंखाची, एक डाव्याचं, कडा अशा कातरल्या की नजरेला कळू नये. तो तुमच्या भात्यात सरकवून दिला. तुमचा नेम चुकावा आणि काकांनी तुम्हालाही हसावं, एवढंच मला हवं होतं.

काकांच्या हरभऱ्यात डुकरं शिरत होती. त्या पहाटे मी राखणीच्या माळ्यावर बसलेली, खाली कुत्र्यांनी एक मोठा नर बांधाशी कोंडलेला. एका कुत्र्याचं पोट त्यानं आधीच उसवलंय, आतडी मातीत लोळताहेत, तरी ते भुंकतंय. तुम्ही ताणता, सोडता. बाण डळमळतो, मी वरून बघते, आणि खांद्यामागे लागायचा तो पोटात घुसतो. ते जनावर माणसासारखं किंचाळलं आणि सरळ काकांवर गेलं. सुळ्यानं त्यांची मांडी गुडघ्यापासून वर फाडली. आधी पांढरं हाड दिसलं, मग रक्तानं ते बुडालं. काका त्याच्या कपाळावर कुऱ्हाड घालत होते, ते मान झटकून पुन्हा पुन्हा खुपसत होतं. तुम्ही धावत जाऊन त्यांच्या हातातली कुऱ्हाड घेतलीत. डुकराचं डोकं फुटून मेंदू तुमच्या सदऱ्यावर उडाला तरी त्याचे पाय माती उकरत होते, आणि ते थांबले तरी तुम्ही मारतच होता.

सदरा फाडून तुम्ही मांडी बांधलीत. काकांनी विचारलं, "भैया, हाथ काँप गया क्या?"

"हाँ," तुम्ही म्हणालात. "काँप गया।" आणि आपल्या हाताकडे पाहत राहिलात.

काकांचा पाय कापावा लागला, नोकरी गेली. तुम्ही धनुष्याला पुन्हा हात लावला नाहीत. कॉलनीतले लोक पत्ते पिसताना म्हणायचे, "काय निशाणेबाज, पानं तरी नीट धराल ना?" तुम्ही हसायचात. शेवटच्या आजारात उजवा हात उचलून मला म्हणालात, "याच हातानं त्याचं वाटोळं केलं." मी तुमच्या तोंडात चमच्यानं पेज घातली. शाळेत ख्रिश्चन मुली पापाची कबुली द्यायला रांगेत उभ्या राहायच्या आणि आम्हा बाकीच्यांना खेळायला सोडायचे. मी दोरीवरच्या उड्या मारत त्या रांगेकडे बघत असे. त्यांचा मला हेवा वाटायचा.

आता घर रिकामं करतेय, मुलाकडे जायचंय. काकांची मुलगी रविवारी सिहोऱ्याहून बसनं येईल. आपल्या बापाचं आयुष्य कशानं मोडलं हे तिला आजही ठाऊक नाही. फोनवर म्हणाली, "दीदी, बाबूजी की कोई चीज़ हो तो रख देना।" धनुष्य तिला द्यायचं, ते मुळात काकांनीच केलेलं. भाता आणि उरलेली लाखही तिलाच. तुमचा चाकू माझ्या मुलाला. त्याला मराठी धड बोलता येत नाही, पण आंबे सुरेख कापतो. आईची शेगडी मी ठेवते. हे पत्र खरं तर काकांच्या मुलीच्याच हातात पडायला हवं, पण ते मी माझ्या कपाटात ठेवणार आहे. तिनं मला दीदी म्हणणं सोडलेलं मला सोसणार नाही.