दारातल्या वहाणा

३ नोव्हेंबर १९५८, तामलवाडी
— आणि त्या सकाळीही मी सडा घातला, चूल सारवली, चहाचं आधण ठेवलं. हे ओट्यावर वहाणांना तेल लावत बसले होते. म्हटलं, "तेलानं करकर जाते म्हणतात." म्हणाले, "सगळी नाही घालवणार. करकर ऐकूनच पोरं गप्प बसतात, मला ओरडावं लागत नाही." दुपारी वर्गातच छाती धरून बसले ते उठलेच नाहीत.

सहा वर्षं झाली. वहाणा अजून दारात. दर सोमवारी तेल लावते. एकट्या बाईच्या दारात पुरुषाचं काही दिसावं, म्हणून.

४ नोव्हेंबर
शेजारी नवं बिऱ्हाड आलंय. त्यातली पार्वतम्मा, आळंदकडची, आजही ओट्यापर्यंत आली आणि वळली. चौथ्यांदा. गर्विष्ठ असेल. असू दे.

९ नोव्हेंबर
सरपणात साप निघाला. पार्वतम्माचा नवरा माणिकप्पा काठी घेऊन धावला. "सरका बाई, मण्यार हाय!" मी लांबूनच वाकून पाहिलं. पट्टे मानेपासून सुरू, शेपटीकडे पुसट. म्हटलं, "थांबा. कवड्या आहे, विष नाही त्याला."
"कोन सांगितलं तुमाला?"
"मास्तरांच्या पुस्तकानं."
त्यानं सापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काठी खाली केली.

१० नोव्हेंबर
ह्यांच्या पेटीतलं ते पुस्तक पुन्हा वाचलं. कवड्यानं ठरवून नक्कल केलेली नाही. फार पूर्वी एखाद्याच्या अंगावर पट्टे जरासे मण्यारीसारखे उमटले. खाणारे बिचकले, तो वाचला, त्याला पिल्लं झाली. त्यांतली जास्त सारखी दिसणारी जास्त वाचली. अशा हजारो पिढ्या.

मी मात्र ठरवून केलं.

समासात ह्यांची पेन्सिल — "जवळपास खरी मण्यार नसेल, तर हे सोंग फार दिवस चालत नाही." अक्षर तेवढं अजून ठसठशीत आहे.

१२ नोव्हेंबर
विहिरीवर पार्वतम्मानंच विचारलं. "अक्का, तुमच्याकडं रोज कोन पाव्हणं येतंय ओ? म्या चार डाव आले. दारात गडीमाणसाच्या वहाणा. मग आत कसं यावं? शेंगाची चटणी घेऊन तशीच माघारी."

हसू आलं, आणि मग आलं नाही. "कोणी येत नाही गं. मास्तरांच्या आहेत त्या."

तिनं दोर ओढून घागर काठावर घेतली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे, मी येऊ काय?"

१३ नोव्हेंबर
वहाणा आत घेतल्या, पेटीत, पुस्तकाशेजारी. दुपारभर दारात पार्वतम्माच्या चपला होत्या.