शनिवारच्या तीन चिठ्ठ्या

अहो,

आज शनिवार, माझं मौन. तुम्ही रात्रपाळी करून झोपलाय, म्हणून न उठवता लिहून ठेवते. शेजारच्या छबूबाईंबरोबर नरसिंहपूरला दर्शनाला चाललेय, दिवेलागणीला येईन. भाकरी टोपलीत आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

छकुलीचा घरचा अभ्यास आज तुम्हाला घ्यायचाय. बिस्किटांच्या डब्यात शब्दांच्या तीन चिठ्ठ्या आहेत. त्या तिन्ही शब्दांची मिळून तिनं एक गोष्ट सांगायची. तिची गोष्ट पुरी होते ती शनिवारीच, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. एरवी ती अडखळली की आपण दोघंही मायेनं तिचा शब्द पुरा करतो आणि ती गप्प होते. मागच्या शनिवारी मला म्हणाली, "आई, आज तू मुकी, मी बोलकी!"

काल तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे तिला घरातच, हसं तरी हुणार न्हाय." पण जूनमध्ये तिला परत शाळेत पाठवायचंच आहे. गावाचं नाव सांगताना अडकली तेव्हा वर्ग हसला होता ना, म्हणून मांजर आणि चाळणीबरोबर आज 'भवानीनगर' ठेवलंय. ती अडेल. तुम्ही पेपर वाचत बसा, पण शब्द पुरवू नका.

मी आल्यावर गोष्ट काय झाली ते तुम्ही सांगू नका. तिलाच सांगू दे. दिवा लागला तरी तिचं संपेपर्यंत मी मौन सोडणार नाही.